भरवणारा हात

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मी येताना पिशवीतून एक वाटी आणली आहे, ती इथं टेबलावर ठेवते. मागच्या रांगेतल्यांना दिसणार नाही, पण आपापल्या घरातली कालवणाची मोठी वाटी आठवा, तेवढीच आहे. काठोकाठ भरली तर हिच्यात साधारण २४० मिलिलिटर मावतं. नऊ-दहा महिन्यांच्या, आठ किलो वजनाच्या बाळाचं पोट एवढंच असतं. किलोमागे ३० मिलिलिटर, असा हिशोब आहारशास्त्रात धरतात.

ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी पाहिलेलं नाही. संयोजकांनी मला त्यांची एक आठवण सांगितली. शाळेच्या कपाटात खडूंच्या खोक्यामागे ते फुटाण्यांचा डबा ठेवायचे, आणि दुसऱ्या तासाला जो मुलगा पेंगायचा त्याला हातावर छडीऐवजी मूठभर फुटाणे द्यायचे. ऐकून फार बरं वाटलं. पण नोकरीची सवय अशी की लगेच मनात आलं, गुरुजींच्या डब्यापर्यंत पोचायला मूल सहा वर्षांचं व्हावं लागतं. मी आज बोलणार आहे ते त्याच्या बरंच आधीच्या मुलांबद्दल. ज्यांना चालत कुठं जाता येत नाही, मागता येत नाही, आणि फुटाणे दिले तर चावता येत नाहीत.

मी डॉक्टर नाही. एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत मुख्यसेविका म्हणून मी नोकरी केली. म्हणजे वीस-पंचवीस अंगणवाड्यांचं एक बीट माझ्याकडे, त्यांच्या नोंदवह्या तपासायच्या, वजनं झाली का बघायचं, महिन्याचा अहवाल भरून वर पाठवायचा. तालुका मराठवाड्यातला, डोंगरपट्ट्यातला. दसरा झाला की निम्मी गावं रिकामी करून माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेळघाट येतो, जव्हार-मोखाडा येतो. यायलाच हवा. १९९२-९३ च्या सुमारास जव्हारच्या वावर-वांगणीतली आणि मेळघाटातली मुलं गेली तेव्हाच हा शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. पण त्यामुळे आपली एक समजूत झाली की हा जंगलातला, आदिवासींचा प्रश्न. आमच्या तालुक्यात जंगल नव्हतं. धान्य होतं. बहुतेक घरांत रेशनचे गहू-तांदूळ होते, कणगीत थोडी ज्वारी होती. तरी मुलं वाळत होती.

आता वाटीकडे या. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूध पुरतं, पाणीसुद्धा लागत नाही. त्यानंतर दूध चालूच ठेवायचं, पण ते एकटं पुरत नाही. नऊ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ३०० उष्मांक लागतात, वर्ष उलटल्यावर साडेपाचशे. ऐकायला काहीच नाही. आपण दुपारच्या चहाबरोबर तोंडात टाकतो तेवढं. पण ते जायचंय या वाटीएवढ्या पोटात, आणि बाळ एका वेळी वाटी भरून कधीच खात नाही. अर्धी खाल्ली तरी आई खूश. म्हणजे तीनदा, चारदा भरवायला हवं, आणि दर वेळी घट्ट हवं.

या 'घट्ट'वर मी नोकरीतली निम्मी वर्षं घालवली. आपल्याकडे बाळाला काय देतात? वरणाचं पाणी. भाताची पेज. 'पातळ बरं असतं, पचतं.' डाळ खाली बसलेली, वरचं पिवळं पाणी बाळाला, आणि डाळ मोठ्यांच्या ताटात. त्यानं पोट भरतं, बाळ ढेकर देतं, आई समाधानी होते. अंगी मात्र काही लागत नाही. तेच डाळ-तांदूळ मऊ शिजवून, कुस्करून, वर चमचाभर तेल घातलं की खाण्याचा कस बदलतो. एका चमच्याला ४५ उष्मांक. हे मी शेकडो बैठकांत सांगितलं. बाया माना डोलवायच्या. त्यांना पटायचंही. उष्टावण तर प्रत्येक घरी होतं, मामाच्या मांडीवर बसवून, खिरीचं बोट चाटवून, हौसेनं. मग उष्टावणानंतरच्या महिन्यांत काय होतं?

मला याचं उत्तर एका बाईनं दिलं. तिची मुलगी तेव्हा अकरा महिन्यांची होती. दंडाला फीत लावली तर पिवळ्यात, म्हणजे साडेअकरा आणि साडेबारा सेंटीमीटरच्या मध्ये. मी माझं नेहमीचं सुरू केलं: दिवसातून चार वेळा, घट्ट, तेल घालून. तिनं पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, काय घालायचं ते सांगितलंत. कुनी घालायचं ते बी सांगा."

मी म्हटलं, तू.

"मी फडात असते की."

मग तिनं मला तिचा दिवस सांगितला. मी तो तेव्हा वहीत लिहून घेतला होता. पहाटे तीनला उठायचं. चुलीवर दोन्ही वेळच्या भाकरी थापायच्या. साडेचार-पाचला फडात. नवरा तोडतो, ती पाला साळते, मोळ्या बांधते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता. उचल घेतलेली असते ती कोयत्यावर, बाईवर वेगळी नाही. दुपारी कधीतरी गाडी लागते. मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. गाडी रात्री लागली तर रात्री. कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, परतल्यावर पाणी, सरपण, धुणं. एक दिवस आजारपणानं राहिलं तर मुकादम खाडा मांडतो, म्हणजे मजुरी बुडते ती बुडतेच, वर दंड. मुलगी साडीच्या झोळीत, बैलगाडीच्या साटीखाली नाहीतर बांधावरच्या बाभळीला. तिच्याजवळ सात वर्षांची बहीण. दूध पाजायला आई मधे येते, तेवढं येता येतं. भरवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मऊ करा, फुंकर घाला, थांबा, तोंड फिरवलं की चिऊ-काऊ दाखवा, पुन्हा घास. चार वेळा म्हणजे दीड तास झाला. त्या दिवसात मला तो दीड तास कुठं सापडला नाही. सात वर्षांच्या बहिणीच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा असायचा. तीच अर्धी खायची, अर्धी चहात बुडवून धाकटीला द्यायची. तिला तरी काय बोलणार? तीही मूलच.

आता एक साधा हिशोब करू. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचं दीड वर्ष म्हणजे अठरा महिने, हा वरच्या अन्नाचा खरा काळ. या काळात खुंटलेली उंची पुढं भरून निघणं फार अवघड, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. चैत्रात जन्मलेलं मूल दसऱ्याला सहा महिन्यांचं होतं. म्हणजे बरोब्बर उष्टावण आणि गाडीत बसणं एकदम. पाडव्याला परत येतं ते वर्षाचं होऊन. पुढच्या दसऱ्याला पुन्हा गाडी. दुसऱ्या पाडव्याला दोन वर्षांचं. त्या अठरा महिन्यांतले बारा महिने ते फडावर काढतं.

आणि त्या बारा महिन्यांत आमची अंगणवाडी काय करते? इथं मला माझ्याबद्दलच सांगावं लागेल. मूल गावातून गेलं की नोंदवहीत त्याच्या नावापुढे आम्ही एक शब्द लिहायचो: 'स्थलांतरित'. त्या महिन्याच्या वजनात ते धरायचं नाही. त्यामुळे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत माझ्या बीटमधल्या कमी वजनाच्या मुलांचा आकडा झकास उतरायचा. एका वर्षी आढावा बैठकीत त्यावरून माझं कौतुक झालं. मी ते घेतलं. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला माहीत होतं की ती मुलं बरी झालेली नाहीत, ती फक्त माझ्या पानावर नाहीत. मी काही बोलले नाही. अहवालावर सही माझी आहे.

नियमानं त्यांना जिथं जातील तिथल्या अंगणवाडीत आहार मिळायला हवा. सर्वोच्च न्यायालयानं अन्न अधिकाराच्या खटल्यात २००१ पासून एकामागून एक आदेश दिले, २००६ मध्ये तर सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलापर्यंत ही सेवा पोचवा असं स्पष्ट सांगितलं. पण कोप्या असतात गावाबाहेर, कारखान्याजवळच्या माळावर नाहीतर उसाच्या कडेला. तिथल्या सेविकाताईंकडे आहार येतो तो त्यांच्या पटावरच्या मुलांचा. आलेल्या शंभर मुलांना त्या कुठून खाऊ घालणार? आणि चार-पाच आठवड्यांनी टोळी दुसऱ्या फडावर. त्या ताईंना मी कधी दोष दिला नाही.

*

अंगणवाडी हा शब्द आपला आहे, मराठी आहे, आणि देशभर गेला आहे. पण तो कुठून आला याची आठवण आपण ठेवत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढं १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड आहे. मग त्यांनी शाळा, बालवाडी आणि पाळणाघर एका छपराखाली आणलं. त्याला नाव दिलं विकासवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवली, ती कुरणशाळा. या दोघी शिक्षणाचं काम करत होत्या, पोषणाचं नव्हे. तरी त्यांना कळलं होतं की गरिबाच्या घरात कडेवरचं मूल कोण सांभाळतं, हा प्रश्न सोडवल्याशिवाय दुसरा कुठलाच सुटत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा सुरू केली. आपण अंगण घेतलं, वाडी घेतली. पाळणा तेवढा तिथंच राहिला.

हे मी कडवटपणानं म्हणत नाही, या योजनेनं मला पोटाला दिलं आहे आणि तिनं पुष्कळ केलं आहे. पण तिची रचना पाहा. तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत येतात, त्यांना गरम ताजा आहार. सहाच्या पुढं शाळेत मध्यान्ह भोजन. आणि सहा महिने ते तीन वर्षं, म्हणजे खुंटण्याचा जो नेमका काळ, तेव्हा काय? घरी न्यायचा आहार. पाकिटं. कधी शिऱ्याचं, कधी उपम्याचं, कधी सुखडीचं पीठ, कधी कच्ची कडधान्यं. जे मूल स्वतः चालत येऊ शकतं त्याला शिजवलेलं, आणि जे येऊ शकत नाही त्याच्या आईच्या हातात पुडकं. पुढचं काम आईनं करायचं, असं गृहीत. ती पाकिटं म्हशीच्या आंबोणात गेली म्हणून वर्तमानपत्रांत किती फोटो आले. मीही गोठ्यात पाहिलेली आहेत. चवीचा, दर्जाचा, ठेकेदारीचा प्रश्न खरा आहे, त्यावर न्यायालयानंही कोरडे ओढले आहेत. पण उत्तम चवीचं पाकीट दिलं असतं तरी ते कुणीतरी कालवून, शिजवून, निववून घास-घास भरवायलाच हवं होतं.

आकडे थोडेच देते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ४६ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी होती. २०१५-१६ मध्ये ३४ टक्के. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ अभियान सुरू झालं होतं, मधल्या काळात त्यात पहिल्या हजार दिवसांवर भर देऊन खरंच चांगलं काम झालं, आणि २०१२ च्या राज्यस्तरीय पाहणीत दोन वर्षांखालच्या मुलांत बुटकेपणा झपाट्यानं घटल्याचं दिसलं. आमची छाती फुगली होती. मग २०१९-२१ ची पाहणी आली. ३५ टक्के. म्हणजे गाडी तिथंच उभी. आणि लुकडेपणा, म्हणजे उंचीच्या मानानं वजन कमी, तो या शेवटच्या दोन्ही पाहण्यांत २५.६ टक्के, दशांशाचाही फरक नाही. चारातलं एक मूल. देशभरात सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांपैकी पुरेसा आणि पुरेशा प्रकारचा आहार मिळणारी मुलं २०१९-२१ च्या पाहणीत अकरा टक्क्यांच्या आसपास निघाली. यात सुखवस्तू घरंही आली, त्यामुळे गरिबी एवढंच कारण सांगून भागत नाही.

*

पोषणावरचा एक मोठा वाद आपल्या पुण्यात झाला, आणि त्यातली माणसं आपली होती, याचा मला उगीचच अभिमान वाटतो. डॉ. पां. वा. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे ते १९५१ पासून प्रमुख. तेव्हा जगभर हवा होती प्रथिनांची. गरीब देशांतल्या मुलांना प्रथिनं कमी पडतात, म्हणून प्रथिनांची भुकटी करा, बिस्किटं करा. सुखात्म्यांनी आकडे मांडून सांगितलं की तुमची भाकरी-डाळ पोटभर मिळाली तर प्रथिनं आपोआप पुरतात; उणीव आहे ती एकूण अन्नाची. ते बरोबर होते. पण पुढं ते असंही म्हणू लागले की माणसाचं शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं, त्यामुळे उपाशी माणसांचे आकडे फुगवलेले आहेत. वि. म. दांडेकरांनी, ज्यांनी नीळकंठ रथांबरोबर १९७१ मध्ये माणशी २२५० उष्मांकांवर दारिद्र्यरेषा मांडली होती, त्यावर खरपूस टीका केली. पुढं काहींनी 'लहान पण निरोगी' अशी भाषाच काढली. म्हणजे गरिबाचं मूल बुटकं असलं तर असू दे, त्याला काही होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक डॉ. सी. गोपालन यांनी ती कल्पना झोडपून काढली. गरिबाला पुरेसं आणि आपल्या मुलाला अपुरं, असं माप कुठून आलं, असा त्यांचा रोख होता.

मी संख्याशास्त्रज्ञ नाही, पण नोकरीत हा वाद मला रोज भेटायचा. "आमच्यात सगळी बारीकच असतात मॅडम," हे वाक्य घरोघरी आजीच्या तोंडी असायचं, आणि तोच विचार आकडेमोडीत मांडलेला मी नंतर वाचला. सुखात्म्यांच्या बाजूनंही एक सांगितलं पाहिजे. उत्तरायुष्यात ते स्वच्छतेवर आणि पिण्याच्या पाण्यावर भर देऊ लागले. हगवण सुरू असलेल्या पोटात घातलेलं अन्न टिकत नाही, हे कोपीवर दोन दिवस राहिलं की कुणालाही कळतं.

पुण्याजवळच्याच सहा गावांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. त्या बाया सरासरी बेचाळीसेक किलो वजनाच्या, त्यांची बाळं पावणेतीन किलोच्या आतली. इंग्लंडमधली बाळं साडेतीन किलोची. गंमत अशी की आपली बाळं हडकुळी दिसली तरी चरबी राखून होती, पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाची बेगमी करूनच जन्मलेली. पण मला त्या अभ्यासातल्या दुसऱ्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. आईनं एकूण किती उष्मांक खाल्ले याचा बाळाच्या वजनाशी फारसा मेळ लागला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध कुणी जास्त वेळा खाल्लं याचा लागला. दुसरी गोष्ट कामाची. गर्भारपणात जिनं जास्त जड कामं उपसली, तिचं बाळ जास्त लहान. शेतातलं काम, पाण्याच्या खेपा, सगळं मोजलं होतं. आईच्या दिवसाची मोजणी बाळाच्या वजनात उतरते, हे शास्त्रानं इतक्या सरळ दाखवल्यावरही आमच्या नोंदवहीत आईच्या कामासाठी रकाना कधी आला नाही. वजन, उंची, लस, लोहाच्या गोळ्या, सगळ्याला रकाने. ती किती तास उभी असते, याला नाही. आता मोबाइलवर पोषण ट्रॅकर आहे. त्यातही मी पाहिला नाही.

उलट आमची भिंत घोषणांनी भरलेली. आईनं हे करावं, आईनं ते करू नये. पोषण महिन्यात पाककृतींच्या स्पर्धा. शेवग्याच्या पाल्याचे पराठे, नाचणीचे लाडू, ताटं सजवून फोटो. मीही परीक्षक म्हणून बसले आहे. पहिलं बक्षीस मिळवणारी बाई दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीत बसून गेली.

*

मग करायचं काय, असं तुम्ही विचाराल. नवं काही शोधायची गरज नाही, हे मला निवृत्त झाल्यावर वाचन करताना कळलं.

२००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीतच लिहिलं होतं: कामाच्या ठिकाणी बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांतल्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. पाच मुलं असली की एक पगारी हात. कायद्यात मूल सांभाळणं हे खणण्याइतकंच काम मानलं गेलं. मी किती कामांवर गेले, अशी बाई मला एकदाच दिसली, आणि तिला पाणी वाटायला लावलं होतं.

छत्तीसगढमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग नावाची डॉक्टरांची संस्था आहे. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत शिकलेली ही मंडळी खेड्यात येऊन बसली. त्यांनी गावोगाव 'फुलवारी' काढल्या. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, गावातलीच बाई, एका बाईमागे साधारण दहा मुलं. आई सकाळी कामाला जाताना सोडते, परतताना नेते. मधे सत्तू, खिचडी, वर तेल. ना डॉक्टर, ना मोठं यंत्र. पुढं त्या राज्याच्या सरकारनंही ही कल्पना उचलली. झारखंड-ओडिशातही अशा पाळणाघरांचे प्रयोग झाले. आपल्याकडे आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचं पूर्ण, शिजवलेलं जेवण अंगणवाडीत मिळतं. चांगली योजना आहे, कारण ती पाकीट देत नाही, ताट वाढते. पण आमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात नव्हता.

ऊसतोडीच्या मुलांसाठी साखरशाळा झाल्या, काही चांगल्या चालल्या. त्या मोठ्या मुलांसाठी. पुन्हा तेच, चालत येणारं मूल. फडावर पाळणाघर चालवणं अवघड आहे हे मला मान्य आहे. टोळी हलते, जागा बदलते, बाई कोण नेमणार, तिची मजुरी कारखान्यानं द्यायची की सरकारनं की मुकादमानं, यावर बैठका होतील. उसाच्या टनामागे कल्याणनिधी गोळा करायच्या योजना आहेत, त्यातून देता येईल असं मला वाटतं. माझ्या हातात काही नाही, मी फक्त मोजून दाखवते: दहा मुलांमागे एक बाई.

हे मला कुठून सुचलं ते सांगते आणि थांबते.

त्या कौतुकाच्या वर्षानंतर मला झोप लागेना. पुढच्या हंगामात मी रजा टाकली आणि माझ्या बीटमधल्या लोकांच्या मागं त्यांच्या फडावर गेले, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या हद्दीत. जाताना झोळीचा काटा आणि दंडाची फीत बरोबर घेतली. पंधरा-वीस कोप्या. दुपारची वेळ. मला वाटलं होतं मुलं इकडंतिकडं धुळीत असतील. ती एका कोपीपुढं होती, पाचटाच्या सावलीत, ओळीनं बसलेली. अकरा मुलं. समोर एक पन्नाशीची बाई. तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. मोळी घेऊन फळीवरून चढताना घसरली होती. कोयता धरता येईना, गावी परत जावं तर उचल फिटलेली नाही. मग टोळीतल्या बायांनीच ठरवलं. सगळ्यांनी आपापली लेकरं हिच्याकडं टाकायची, प्रत्येक कोपीनं तिला थोडं पीठ-मीठ आणि वर काही पैसे द्यायचे. मुकादमाला विचारलं नव्हतं.

ती पातेल्यात ज्वारीची भाकरी दुधात नव्हे, डाळीत कुस्करत होती, घट्ट, वर शेंगदाण्याचं कूट. कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर हसली. एक-एक मूल पुढं सरकायचं, घास घ्यायचं, मागं जायचं. चावून झालं की पुन्हा पुढं. मी पोचल्याचं पाहून ती जरा ओशाळली. चमचा डाव्या हातात होता. म्हणाली, "मॅडम, डाव्या हातानं भरवलेलं चालतंय का वो लेकराला? उजवा असा झालाय."

मी म्हटलं, चालतंय.

मी काटा बाभळीला टांगला आणि वजनं घेतली. फाल्गुनात पुन्हा गेले, पुन्हा घेतली. बहुतेक मुलं थोडी का होईना भरली होती. एक लाल पट्ट्यातलं पिवळ्यात आलं होतं. ती वजनं मी कुठल्याच अहवालात टाकू शकले नाही, कारण ती मुलं माझ्या पटावर 'स्थलांतरित' होती.

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले. तोच कारखाना, बऱ्याचशा त्याच कोप्या. दुपारी पाचटाच्या सावलीत कुणी नव्हतं. एका गाडीच्या साटीखाली झोळी, शेजारी आठ वर्षांची एक मुलगी बिस्किटाचा पुडा दातांनी फाडत होती. मी तिला विचारलं, गेल्या वर्षी इथं त्या मावशी होत्या ना, प्लास्टरवाल्या?

"हायत की," ती म्हणाली. "त्यांचा हात बरा झाला. फडात गेल्यात."